दहातलं एक

३ एप्रिल, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. कारण घरात काहीतरी शिजतंय.

लेकीचं कॉलेजचं पहिलं वर्ष संपत आलं. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच असतं, दुसऱ्या वर्षापासून मेजर, म्हणजे मुख्य विषय. तिच्यापुढे दोन वाटा: इंजिनिअरिंग नाहीतर इकॉनॉमिक्स. फॉर्मची शेवटची तारीख ३० एप्रिल. त्यावर पालकाची सही लागते. पालक म्हणजे मी.

माझं मत तयार आहे. इंजिनिअरिंग. पण मी आपणहून बोलणार नाही. ती येईल, समोर बसेल, विचारेल, बाबा, तुम्हाला काय वाटतं? मग मी सांगेन. अठरा वर्षं ती सगळं आईला विचारत आली. चप्पल कुठली घेऊ इथपासून. ही एक गोष्ट तरी मला विचारील असं मी धरून चाललोय.

संकल्प: डोळे उघडे, तोंड बंद.

ही वही टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरला आमच्याच कारखान्याचं कुलूप. किल्ली एकच, ती माझ्या खिशात. कुलूप लावून तीनदा ओढून बघायचा विचार होता, पण बस चुकली असती.

५ एप्रिल, बुधवार. रात्रीच्या जेवणाआधी

धागा सापडला.

लेक आज माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मी सावरून बसलो. म्हटलं, आला प्रश्न. तर विचारलं काय? की बाबा, तुम्ही दहातलं एकच कुलूप का तपासता?

तेवीस वर्षं मी कुलपांच्या कारखान्यात तपासनीस आहे. पट्ट्यावरून कुलपं येतात. दर दहावं उचलायचं, किल्ली तीनदा फिरवायची, कडी तीनदा ओढायची. ते पास झालं की दहांच्या खोक्यावर शिक्का: तपासले. या गोष्टीबद्दल घरात तेवीस वर्षांत कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि आज अचानक?

मी तिच्या डोळ्यांत बघून विचारलं, तुला हे कोणी शिकवलं? ती म्हणाली, कोणी नाही, मला सुचलं. मी म्हटलं, असं कोणाला सुचत नाही. आत्या काही बोलली का? ती म्हणाली, जाऊ दे बाबा. आणि गेली.

जाऊ दे, म्हणे. निरपराध माणूस असं म्हणत नाही.

९ एप्रिल, रविवार. सकाळी १०

सह्यांचा वार. ही आठवड्याचे सगळे कागद एका निळ्या फायलीत घालून समोर ठेवते. सोसायटीच्या नोटिसा, बँकेचे फॉर्म, लेकीच्या कॉलेजचं हे आणि ते. मी कारखान्याचीच पद्धत वापरतो. दर दहावा कागद शब्दन्‌शब्द वाचायचा, बाकीच्यांवर सही. जी पद्धत दिवसाला चार हजार कुलपांना पुरते ती एका घराला न पुरायला काय झालं? मोजणी या रविवारची पुढच्या रविवारी चालू राहते, मध्ये तोडायची नाही. तोडली की लबाडीला जागा मिळते.

मागच्या वेळी दहावा होऊन गेला होता. आज एकपासून. आठ कागद. आठही सह्या सहा मिनिटांत.

दुपारी माझी धाकटी बहीण आली. ती सरकारच्या आकडेवारीच्या ऑफिसात आहे. इकॉनॉमिक्स शिकलेली. म्हणजे या घरातली मुख्य संशयित. लेकीला घेऊन खिडकीत बसली. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरला होता. दोघी हळू बोलत होत्या. मला तीन शब्द ऐकू आले: नमुना, चूक, दादा.

दादा मी. चूक कोणाची ते कळलं नाही. नमुनाही बहुतेक मीच.

११ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी

प्रकरण वाटलं त्यापेक्षा खोल आहे.

खालच्या मजल्यावर पुलवाले काका राहतात. आयुष्यभर पूल बांधले, आता निवृत्त. इंजिनिअर माणूस. माझी भिस्त त्यांच्यावर होती. लेकीला जिन्यात गाठून दोन शब्द सांगतील म्हणून मी त्यांना मागच्या महिन्यात त्यांच्या गॅलरीचं कुलूप फुकट बदलून दिलं. आज जिन्यात भेटले. म्हणाले, पोरीला इकॉनॉमिक्स करू द्या हो, तिचं डोकं त्यात छान चालतं.

इंजिनिअरच इकॉनॉमिक्सची शिफारस करतोय!

घरी येऊन बहिणीला फोन लावला. सहज म्हणून. ती म्हणाली, दादा, इंजिनिअरिंगही वाईट नाही, तिला जे आवडेल ते.

म्हणजे बघा. इकॉनॉमिक्सवाली म्हणते इंजिनिअरिंग, इंजिनिअर म्हणतो इकॉनॉमिक्स. दोघांनी आपापल्या बाजूंची अदलाबदल केली आहे. मला संशय येऊ नये म्हणून. हे दोघं एकमेकांना ओळखतात तरी का, असं मी हिला विचारलं. ही म्हणाली, आपल्याच लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला भेटले होते की. पुरावा मिळाला.

आता माझ्या मताचा प्रश्न. बहीण वरवर इंजिनिअरिंग म्हणते म्हणजे तिला आतून इकॉनॉमिक्स हवंय. म्हणून इंजिनिअरिंग. पण मी असा विचार करणार हे तिला माहीत असणार. मग इकॉनॉमिक्स. काकांचं धरलं तर उलट. कागदावर बाण काढून पाहिले. बाण फिरून माझ्याकडेच आले.

तूर्त मत राखून ठेवतो. विचारलं की बघू.

१३ एप्रिल, गुरुवार. दुपारी ४

पोट दुखतंय सांगून अर्धी रजा टाकली. तेवीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा खरंच दुखत होतं.

कॉलेजसमोरच्या बसस्टॉपवर पेपर उघडून बसलो. लेक दीडला बाहेर पडली. एकटी. लायब्ररीकडे न वळता बाजाराच्या रस्त्याला लागली. मी मागे. ती हार्डवेअरच्या दुकानात शिरली. वीस मिनिटं आत. हातात वही, काहीतरी लिहून घेत होती. माझ्या मनात आनंदाची उकळी फुटली. हार्डवेअर! पाने, स्क्रू ड्रायव्हर! पोरगी इंजिनिअरच होणार. क्षणभर मी सगळ्यांना माफ केलं.

ती गेल्यावर दुकानात शिरलो. दुकानदार मला कारखान्यामुळे ओळखतो. त्याला म्हटलं, आत्ता ती मुलगी काय घेऊन गेली? म्हणाला, घेतलं काहीच नाही. कुलपांबद्दल विचारत होती. तुमच्याच कंपनीच्या. शंभरातली किती परत येतात, लोक घेताना ओढून बघतात का. मी सांगितलं, खोक्यावर शिक्का असतो, मग कोण ओढून बघतंय?

आनंद तिथेच मावळला. सगळं लख्ख दिसलं. कुलपं कुठे कच्ची असतात ते ती शोधतेय. घरात आमच्या कंपनीचं कुलूप एकाच ठिकाणी आहे: या ड्रॉवरला.

त्याच दुकानातून आमच्याच कंपनीचं आणखी एक कुलूप घेतलं. आता ड्रॉवरला दोन कुलपं.

१६ एप्रिल, रविवार. सकाळी १०.३०

सह्यांचा वार. पाच कागद. मोजणी नऊपासून पुढे.

आज लेक चहा घेऊन आली. स्वतःहून. बिस्किटं वेगळ्या बशीत. टेबलापाशीच उभी राहिली. म्हणाली, बाबा, वाचून सही करताय ना? मी म्हटलं, माझी पद्धत आहे, ती चुकत नाही. ती म्हणाली, हो, पण तरी. मी मान वर करून पाहिलं तर ओढणीच्या टोकाशी चाळा चालला होता. संशयास्पद. बिस्किटंही नेहमीपेक्षा दोन जास्त होती.

नवव्यावर सही. दहावा कागद सोसायटीची पाण्याची टाकी साफ करण्याबद्दलची नोटीस. शब्दन्‌शब्द वाचली. 'गैरसोयीबद्दल' हा शब्द चुकीचा लिहिलाय आणि वेळ एका ठिकाणी दहा, दुसऱ्या ठिकाणी अकरा. लाल पेनाने गोल करून सेक्रेटरीकडे परत पाठवली. असं बारकाईनं वाचणारा माणूस इमारतीत दुसरा नाही.

सगळ्या सह्या होईपर्यंत लेक उभी होती. मग फाइल घेतली आणि म्हणाली, बरं. आवाज जरा पडलेला वाटला. माझी नजर एवढी पक्की आहे हे बघून खचली असावी.

१९ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी

सुपरवायझरही सामील.

दुपारी माझ्या पट्ट्याशी आला आणि म्हणाला, तुमची मुलगी गोड आहे हो. मागच्या आठवड्यात गेटवर आली होती, दहातलंच एक का, असं विचारत होती. मी सांगितलं, सगळी तपासत बसलो तर कुलपं जाणार कधी? मी विचारलं, हे मला आधी का सांगितलं नाहीत? म्हणाला, विसरलो.

विसरला. चार हजार कुलपांचा हिशोब तोंडपाठ सांगणारा माणूस विसरला.

हिला जेवताना सगळी साखळी समजावून सांगितली: बहीण, काका, दुकानदार, सुपरवायझर. ही भाजी वाढता वाढता म्हणाली, अहो, एवढं कशाला, तिला सरळ विचारून टाका ना. मी म्हटलं, विचारलं की आपलं मत उघडं पडतं. ही म्हणाली, पडू द्या की. मग म्हणाली, तुम्हाला तिनं विचारायला हवंय ना? मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. मीठ बरोबर होतं.

२३ एप्रिल, रविवार. दुपारी

तीनच कागद. दहाव्याची वेळ आली नाही.

आठवडा राहिला. ती कधीही विचारील, तेव्हा अडखळायला नको म्हणून मत लिहून काढलं. चार पानं झाली. इंजिनिअरिंगच्या बाजूनं दोन, इकॉनॉमिक्सच्या बाजूनं दोन. पुलवाल्या काकांना न दुखावता, बहिणीला न चिडवता. शेवटी 'म्हणून माझं स्पष्ट मत असं की' एवढं लिहून जागा मोकळी सोडली आहे. ऐनवेळी तिचा चेहरा बघून भरीन.

सकाळी दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिलं. बस बेटा, असं म्हणायचं की नुसतं बस, यात अडलो. हनुवटीला कापलं.

२७ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ६

घरात हसणं वाढलं आहे. मायलेकी स्वयंपाकघरात हसतात, मी गेलो की एकदम मला चहा हवा का विचारतात. आज बहिणीचा फोन आला तो थेट लेकीला. लेक म्हणाली, हो गं आत्या, झालं, थँक्यू. काय झालं? मी पाण्याचा ग्लास भरायच्या निमित्तानं तिथंच उभा होतो. ग्लास भरून वाहिला.

मग लेक माझ्याकडे वळली. म्हणाली, बाबा, तुम्हाला काही बोलायचंय का? मी सावध होतो. म्हटलं, मला? मला कशाला काय बोलायचं असेल? तिनं मग फडकं आणून जमीन पुसली.

जवळजवळ गाठलंच होतं तिनं. थोडक्यात सुटलो.

३० एप्रिल, रविवार. सकाळी ९

आज शेवटचा दिवस. आज तिला यावंच लागणार. इस्त्रीचा शर्ट घातला आहे. चार पानं खिशात. समोरची खुर्ची पुसून ठेवली. ती खुर्ची हलते म्हणून पायाखाली पुठ्ठा घातला.

दुपारी १२

आली नाही. झोपली आहे.

दुपारी ३

उठली, जेवली, मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली. आज! फॉर्म कधी भरणार? शेवटच्या तासाला घाईघाईत माझ्यासमोर कागद सरकवायचा आणि न वाचता सही घ्यायची, हा डाव दिसतो. जमणार नाही. आज पहिला असो की पाचवा, वाचणार म्हणजे वाचणार.

संध्याकाळी ६.५०

आली. टीव्ही लावून बसली. मी टीव्हीसमोरून तीनदा गेलो.

संध्याकाळी ७.३०

शेवटी मीच विचारलं. संकल्प मोडला, इलाज नव्हता. म्हटलं, अगं, आज तीस तारीख, फॉर्मचं काय?

ती म्हणाली, बाबा, फॉर्म तर सतरालाच दिला. तुम्हीच सही केलीत की.

मी म्हटलं, मी केलेली नाही. ती आत गेली आणि झेरॉक्स घेऊन आली. सही माझीच. सहीच्या बाजूला, माझ्याच अक्षरात, सवयीनं घातलेला शब्द: तपासले.

सोळा तारीख. नववा कागद. टाकीच्या नोटिशीच्या वरचा.

मी विचारलं, नववा मुद्दाम ठेवलास? कोणी मोजून दिलं? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मोजलं कोणी नाही हो बाबा. मी सगळ्यात वर ठेवला होता. तुम्ही वाचावा म्हणून. चहा घेऊन उभी होते ना मी.

 खिशात चार पानं होती, ती बाहेर काढली नाहीत.

रात्री ८.१५

फॉर्मवर विषय लिहिलाय: इकॉनॉमिक्स. खाली चौकट आहे, 'हा विषय का निवडलात?' तिनं काय लिहिलंय ते इथं उतरवून ठेवतो. झेरॉक्स तिला परत द्यायची आहे.

"माझे वडील कुलपांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. ते दहातलं एक कुलूप तीनदा ओढून बघतात. लहानपणापासून मला वाटायचं की माझे वडील कोणावरच विश्वास ठेवत नाहीत. मग लक्षात आलं की उरलेल्या नऊ कुलपांवर ते रोज डोळे मिटून विश्वास ठेवतात. त्यांच्या शिक्क्यावर दुकानदार विश्वास ठेवतो आणि दुकानदारावर गिऱ्हाईक. कोणीच ओढून बघत नाही, तरी लोक त्या कुलपांच्या भरवशावर घर सोडून गावाला जातात. कुलूप कसं बनवायचं हे इंजिनिअर सांगेल. न तपासलेल्या कुलपावर लोक विसंबतात कसे, आणि ते कधी चुकतं, हे मला शिकायचं आहे. हा प्रश्न मी आधी वडिलांनाच विचारला होता. त्यांनी विचारलं, तुला हे कोणी शिकवलं? त्याचं खरं उत्तर, त्यांनीच."

तीनदा वाचलं. एकही चूक सापडली नाही.

म्हणजे तिनं मला विचारलं होतं. पाच तारखेला. सगळ्यांच्या आधी, मलाच. फार वाईट वाटतंय.

२ मे, मंगळवार. संध्याकाळी

संकल्प: यापुढे प्रत्येक कुलूप.

सकाळी आठला सुरुवात केली. प्रत्येकाची किल्ली तीनदा, कडी तीनदा. साडेआठपर्यंत पट्ट्यावर ढीग झाला. पावणेनऊला पॅकिंगच्या बायका येऊन हात बांधून उभ्या राहिल्या. नऊला सुपरवायझर आला आणि म्हणाला, तब्येत बरी आहे ना? पोट परत दुखतंय का?

नऊ वाजून पाच मिनिटांनी पुन्हा दहातलं एक. त्या तासात, एरवी न तपासता पुढे जाणाऱ्या कुलपांपैकी तीन नुसत्या ओढण्यानं उघडली होती. तीन. ती बाजूला काढली. तेवीस वर्षांत अशी किती बाहेर गेली असतील ते मोजायला घेतलं आणि थांबलो. ते आता लेक मोजेल.

७ मे, रविवार. सकाळी ११

सहा कागद. सहाही शब्दन्‌शब्द वाचले, सव्वा तास लागला. दोन जाहिराती होत्या, एक मागच्या वर्षीचा होता. लेक समोरच्या खुर्चीत बसून अभ्यास करत होती. पुठ्ठा घातल्यापासून ती खुर्ची हलत नाही, म्हणाली. बरं वाटलं.

मग ही वही काढायला गेलो तर किल्ल्या सापडेनात. कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून मंगळवारी जागा बदलली होती. ती जागा आठवेना. चपलांचं कपाट, तांदळाचा डबा, फुलदाणी, सगळं पाहिलं. ही आली. म्हणाली, काय हवंय, ड्रॉवर? आणि दोन्ही कुलपं एकेक करून ओढली. दोन्ही उघडली.

मी विचारलं, कधीपासून? ही म्हणाली, पहिलं पहिल्यापासूनच. दुसरंही. मी मेजरिंग टेप त्यातच ठेवते ना.

टेप खरंच तिथं होती. वहीच्या वर.

मी विचारलं, म्हणजे वही वाचलीस? ही म्हणाली, सगळी कुठे, वेळ कुणाला आहे. दर दहावं पान बघते. ठीक वाटलं. म्हणजे बाकीचंही ठीकच असणार. आणि टेप घेऊन गेली.

मला तिला हाक मारून सांगावंसं वाटलं की मधल्या नऊ पानांत बरंच काही आहे. नाही मारली.

हे पान मोजून पाहिलं. एकोणतिसावं.